वारसाचा रकाना

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना विंझरच्या अलीकडे-पलीकडे पहाटे मुलं धावताना दिसतात. कुणाच्या पायात बरे बूट, कुणी अनवाणी. रस्त्याच्या कडेला एकजण मोबाइलवर वेळ मोजत उभा. ही पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, मग १०० गुणांची लेखी परीक्षा. एका पावसाच्या भातावर घर चालत नाही, म्हणून या खोऱ्यातल्या कितीतरी घरांना वर्दी म्हणजे दर महिन्याला नक्की येणारा पगार वाटतो. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण ही पहाटेची धाव तशीच चालू आहे.

यातला जो निवडला जातो, त्याच्यापुढे हजर होताना फॉर्मांचा गठ्ठा येतो. भविष्य निर्वाह, गटविमा, पगार खातं, पतसंस्था. प्रत्येकात एक रकाना असतो, आपल्या पश्चात रक्कम कुणाला द्यायची. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा फार विचार न करता तिथे आईचं नाव लिहितो आणि सही करतो. मृत्यूचा विचार त्या दिवशी त्याच्या मनात नसतो. पण त्याच दिवशी तो एका अशा व्यवस्थेत शिरतो, जी पोलीस गेल्यावर त्याच्या घराकडे बघते. बाहेरच्यांना ती फारशी दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावंसं वाटलं.

परदेशात हे काम पोलिसांच्या स्वतःच्या संघटनांनी केलं. न्यूयॉर्कच्या गस्तीवरच्या शिपायांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आपलं हितकारी मंडळ काढलं आणि पुढे तीच त्या शहरातल्या पोलिसांची ताकदवान युनियन झाली. ब्रिटनमध्ये १९१८ आणि १९१९ला पोलिसांनी संप केले. सरकारने १९१९मध्ये कायदा करून त्यांना अधिकृत फेडरेशन दिलं आणि संपाचा हक्क काढून घेतला.

आपल्याकडे वाट वेगळी झाली. संविधानाच्या ३३व्या अनुच्छेदाने शिस्तीच्या दलांतल्या लोकांचे काही मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला, आणि १९६६मध्ये पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा आला. त्यानुसार पोलिसाला परवानगीशिवाय कामगार संघटनेचं किंवा राजकीय संघटनेचं सभासद होता येत नाही. निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक स्वरूपाच्या संस्थांना मात्र आडकाठी नाही. पोलीस लाइनीत भजनी मंडळ काढता येतं. पण पगार आणि कामाचे तास यांवर एकत्र येऊन बोलायचं तर आधी मान्यता हवी. केरळ आणि बिहारमध्ये पोलिसांच्या संघटनांना अशी मान्यता आहे.

महाराष्ट्रातही एकदा होती. १९८२ हे मुंबईत गिरणी संपाचं वर्ष. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलीस शिपायांचा असंतोषही बाहेर आला. स्वातंत्र्यदिनी त्यांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टच्या पहाटे सरकारने पुढाऱ्यांना अटक केली आणि संघटनेची मान्यता काढून घेतली. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. शिपाई रस्त्यावर उतरले, शहरात दंगल झाली आणि लष्कर बोलवावं लागलं. त्या दिवसानंतर महाराष्ट्रात पोलिसांची संघटना हा विषय बंद झाला. हिंसेचं समर्थन कुणी करू नये. पण साधी राहण्याजोगी खोली आणि माणसासारखी वागणूक या मागण्या रास्त होत्या, असं माझं ठाम मत आहे.

संघटना गेली, गरज राहिली. तिच्या जागी जे उभं आहे त्याला पोलिसांच्या बोलण्यात एकच शब्द आहे, ‘वेलफेअर’. कागदावरचं नाव पोलीस कल्याण निधी. त्यात पोलिसांची स्वतःची वर्गणी असते, शिवाय पोलिसांच्या जागेवरचे पेट्रोल पंप, सभागृहं आणि कार्यक्रम यांचं उत्पन्न. मुंबई पोलिसांचा ‘उमंग’ हा सिनेकलावंतांचा सोहळा आपण टीव्हीवर बघतो, त्यामागेही हाच निधी असतो. यातून मुलांना शिष्यवृत्त्या, आजारपणात मदत आणि कर्मचारी गेला तर अंत्यविधीसाठी तातडीची रक्कम दिली जाते. उपचारांसाठी महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना वेगळी आहे आणि घरांसाठी १९७४पासूनचं महामंडळ. त्याच्या नावात ‘गृहनिर्माण’ आणि ‘कल्याण’ हे दोन्ही शब्द आहेत.

गाऱ्हाणी ऐकायला दरबार भरतो. अधीक्षक समोर बसतात आणि शिपाई उभा राहून सांगतो, क्वार्टर गळतंय, वडील आजारी आहेत, बदली हवी. अधिकारी मोठ्या मनाचा असेल तर दहा मिनिटांत वर्षाचं काम होतं. नसेल तर शिपाई सॅल्यूट करून खाली बसतो. साऱ्या व्यवस्थेची उणीव मला इथे दिसते. तिच्यात माया आहे, पण ती समोर बसलेल्या माणसावर अवलंबून आहे.

शिपायाच्या संसाराला रोज उपयोगी पडते ती पतसंस्था. गावाकडच्या घराचा स्लॅब, मुलीचं लग्न, मुलाची फी, प्रत्येक वळणावर तिचंच कर्ज. हप्ता पगारातूनच कापला जातो, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ४९व्या कलमाने पगार देणाऱ्या कार्यालयावर ती जबाबदारी टाकली आहे. कर्जाला जामीनदार लागतात आणि ते बाहेरचे चालत नाहीत. शेजारच्या टेबलावरचा हवालदार आणि रात्रपाळीचा सोबती, दोघं सह्या करतात. आज तू माझ्या कागदावर, उद्या मी तुझ्या. एका ठाण्यातल्या माणसांची घरं अशी एकमेकांत विणलेली असतात. कर्जदार अचानक गेला की प्रश्न दोन बाजूंनी येतो. विधवेपुढे थकबाकी आणि जामीनदारांच्या पगारावर कपातीची टांगती तलवार. म्हणून नोकरदारांच्या अनेक पतसंस्था सभासदांकडून दरमहा थोडी रक्कम वेगळी घेतात आणि मयत सभासदाचं कर्ज त्यातून फेडतात किंवा हलकं करतात. पगारपत्रकावर ती ओळ इतकी लहान असते की कुणी तिच्याकडे बघतही नाही.

दुसरा आधार कुठल्याच कागदावर नाही. तो म्हणजे बॅच. खंडाळा, नानवीज, तुरची, जालना, जिथे ट्रेनिंग झालं तिथे नऊ महिने एका बराकीत काढलेली पोरं. एकाच पाण्याने अंघोळ केलेली, एकाच उस्तादाच्या शिव्या खाल्लेली. पुढे कुणी चंद्रपूरला, कुणी ठाण्याला, कुणी वेल्ह्यात. वर्षानुवर्षं भेट नाही, पण व्हॉट्सअॅपवर गट असतो. एखाद्या रात्री त्यात बातमी येते की अमुक बंदोबस्तावरून परतताना अपघातात गेला. आधी हात जोडलेली चित्रं येतात, आणि थोड्याच वेळात कुणीतरी खाते क्रमांक टाकतो. हजार, पाचशे, जमेल तसं. आठवडाभरात जमलेली रक्कम मुलांच्या नावाने ठेव म्हणून ठेवतात आणि चौघं बॅचमेट ती पावती घेऊन गावी जातात. ना नियम, ना नोंदणी, ना अध्यक्ष. इतक्या स्वच्छ मनाने चाललेलं सहकाराचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. पण तिथेही एक दुखरी जागा आहे. तरुण गेला तर बॅच भरलेली असते. पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने जाणाऱ्या सहायक फौजदाराची निम्मी बॅच एव्हाना सेवेबाहेर गेलेली असते. त्याच्या घरी माणसं येतात, पण रक्कम थोडी जमते.

सरकारी मदतीचं गणितही मृत्यूच्या प्रकारावर ठरतं. नक्षलवाद्यांशी लढताना गेला तर वेगळं, अपघाताने वेगळं, आजाराने आणखी वेगळं. कोविडच्या काळात कर्तव्यावर असताना संसर्गाने गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी ५० लाखांची घोषणा झाली होती. १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. त्यांच्यापैकी कुणी सेवेत असताना गेला तर कुटुंबनिवृत्तिवेतनाचा पर्याय राज्याने २०२३मध्ये खुला केला. मधल्या वर्षांत विधवा झालेल्या बायकांनी ते दिवस कसे काढले, ते त्यांनाच माहीत. अनुकंपा नियुक्तीची यादी असते आणि त्या यादीत वाट बघण्याचीही वर्षं असतात.

राजगड-तोरण्याच्या सावलीत हे सगळं लिहिताना मराठेशाहीच्या कागदांतला एक शब्द आठवतो, ‘बालपरवेशी’. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोटापाण्याची तरतूद. हे राज्याचंच काम मानलेलं होतं, म्हणून त्याला वेगळा शब्द होता. आजच्या शासन निर्णयांत एवढा नेमका शब्द मला सापडत नाही.

आणि मग २१ ऑक्टोबर. १९५९मध्ये या दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला हरवलेल्या साथीदारांच्या शोधात निघालेल्या भारतीय पोलिसांच्या तुकडीवर चिनी सैन्याने हल्ला केला आणि दहा जण ठार झाले. सीमेची राखण तेव्हा पोलिसांकडे होती, हे आज अनेकांना खरं वाटत नाही. त्या दहांच्या स्मरणार्थ देशभर पोलीस हा दिवस पाळतात. दिल्लीत चाणक्यपुरीला २०१८मध्ये राष्ट्रीय पोलीस स्मारक झालं. काळ्या ग्रॅनाइटचं ३० फुटी शिल्प आणि भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर गेलेल्या ३४ हजारांहून अधिक पोलिसांची नावं. मुंबईत नायगावला आणि पुण्यात पाषाणला संचलन होतं. पुणे ग्रामीणचं मुख्यालयही पाषाण रस्त्यावरच आहे, म्हणजे वेल्ह्याच्या ठाण्यातल्या माणसाचं हे घरचंच कार्य.

‘शोक शस्त्र’ असा हुकूम होतो. सावधान उभ्या रांगेत बंदुका एका लयीत उलट्या फिरतात. नळीचं तोंड बुटाच्या टोकावर टेकतं, दोन्ही तळवे दस्त्यावर येतात आणि मान खाली जाते. बिगुल वाजतो. मग वाचन सुरू होतं. आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून यंदाच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं, राज्याराज्याने. बहुतेक नावं ऐकणाऱ्याच्या ओळखीची नसतात. तरी यादी पुढे सरकते तशी खुर्च्यांवरची कुजबुज थांबते. काही वर्षं महाराष्ट्राची यादी लांबली. २००९च्या ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीत लाहेरीला एका दिवशी १७ पोलीस गेले. १ मे २०१९ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याच्या सुरुंगस्फोटात १५ जवान आणि त्यांचा चालक. शेवटी हवेत तीन फैरी होतात.

या यादीतलं जे नाव शाळकरी मुलालाही माहीत आहे ते तुकाराम ओंबळे यांचं. जावळी तालुक्यातलं केडंबे त्यांचं गाव, आधी लष्करात, मग मुंबई पोलिसांत. २६/११च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या रायफलची नळी हाताने धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्याच रात्री गेलेल्या पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या बिनतारी संदेशांच्या नोंदी मिळवल्या आणि मदत वेळेवर का पोचली नाही, हे विचारलं. ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात ते आलं आहे. मला ही गोष्ट मानवंदनेइतकीच मोलाची वाटते. गेलेल्याचा मान राखायचा तर तो कसा गेला हे त्याच्या घराला सांगावंच लागेल.

आजारपणाने, हृदयविकाराने घरी गेलेल्या हवालदाराचं नाव मात्र २१ ऑक्टोबरला वाचलं जात नाही. गणपतीचा बंदोबस्त, मग निवडणूक, मग यात्रा, अपुरी झोप आणि गाडीत बसून खाल्लेला वडापाव, हे सगळं त्याच्या मृत्यूत असतं. यादीला ते मोजता येत नाही.

गावात अशी बातमी पोचवणारा बहुधा पोलीस पाटील असतो. १९६७च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने उभं केलेलं हे पद. नेमणूक प्रांताकडून, म्हणजे आपल्याकडे भोरहून. गडावरून कुणी पर्यटक घसरला, विहिरीत कुणी सापडलं, की ठाण्याआधी फोन पाटलालाच. त्यांना पगार नाही, मानधन आहे. २०२४मध्ये ते साडेसहा हजारांवरून १५ हजार झालं, आणि त्यामागे त्यांच्या संघाचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. वर्दीतल्या शिपायाला जी संघटना नाही ती बिनवर्दीच्या पाटलाला आहे. गडचिरोलीत कितीतरी पोलीस पाटील नक्षलवाद्यांनी मारले. त्यांच्या घरांनाही कुणीतरी धरून ठेवायला हवं.

आता पुन्हा त्या रकान्याकडे. भरती होऊन पाच-सात वर्षांनी मुलगा लग्नाला विंझरला येतो. हळद, वरात, चार दिवस पाहुणे, आणि रजा संपल्यावर परत हजर. कुटुंबनिवृत्तिवेतन नियमाने पत्नीकडेच जातं, पण पतसंस्थेचे भाग, गटविमा, बँक खातं या साऱ्यांवर आईचं नाव तसंच राहतं, कारण प्रत्येकाचा फॉर्म वेगळा आणि सवड कुणालाच नसते. तो गेला की तेराव्यानंतर सासू आणि सून एकाच लिपिकाच्या टेबलापुढे उभ्या राहतात. दोघींचंही माणूस गेलेलं असतं आणि दोघींच्याही हातात मृत्यूच्या दाखल्याची प्रत असते. या रस्त्यावर धावणाऱ्या पोरांना धाप लागलेली असताना हे सांगणं अवघड आहे, तरी सांगतो. लग्नाची रजा संपवून हजर व्हाल तेव्हा बायकोच्या आधारकार्डाच्या चार प्रती पिशवीत टाका आणि पहिल्याच दिवशी आस्थापना शाखेत, पतसंस्थेत, बँकेत एकेक देऊन पोच घ्या.