आपला रिपोर्ट कोणाच्या हाती?

सिकलसेलची तपासणी करून घ्या, असे आम्ही या पानावरून सतत सांगत आलो आहोत. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लग्नाआधी रक्त तपासावे, हा आग्रह आम्ही सोडणार नाही. पण विहारात घेतलेल्या मागच्या शिबिरानंतर जे घडले, त्याने आम्हाला आमच्याच कामाकडे नव्याने पाहायला लावले.

शिबिरात तपासलेल्यांची नावे, मोबाईल क्रमांक आणि निकाल आमच्या कार्यकर्त्यांनी एका ऑनलाइन तक्त्यात भरले. लिंक ज्याच्याकडे असेल त्याला तक्ता उघडता यावा, अशी सोय ठेवली. कारण ते सोपे होते. लिंक एका व्हॉट्सअॅप गटातून दुसऱ्या गटात गेली. आठवड्याभरात एका घरी निरोप आला, ‘मुलगी सिकलची आहे म्हणे, बोलणी थांबवू.’

ती मुलगी आजारी नव्हती, फक्त वाहक होती. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात दोष नसेल, तर बाळाला हा आजार होत नाही. मुलाची तर तपासणीच झालेली नव्हती. हे ऐकून घ्यायला कोणी थांबले नाही. तिच्या आईने आम्हाला विचारले, “रक्त डॉक्टरला दिलं होतं ना, मग कागद गावाला कसा गेला?” आम्ही तक्ता बंद केला, घरी जाऊन माफी मागितली. मोडलेली बोलणी त्याने जुळली नाहीत.

आमचा तक्ता लहान होता. लॅब आणि रुग्णालये आता हजारो-लाखो माणसांच्या नोंदी संगणकातल्या डेटाबेसमध्ये ठेवतात आणि तो इंटरनेटला जोडतात. तिथेही पुष्कळदा चूक हीच असते : दार उघडे राहते.

फिनलंड देशात ‘वास्तामो’ नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. तिचा रुग्णांच्या नोंदींचा डेटाबेस २०१७ च्या नोव्हेंबरपासून २०१९ च्या मार्चपर्यंत इंटरनेटवरून थेट गाठता येत होता आणि त्याच्या मुख्य खात्याला पासवर्डच नव्हता. माणसे बंद खोलीत डॉक्टरांशी जे बोलली, ते सारे त्यात साध्या अक्षरांत लिहिलेले होते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली. ती मिळेना, तेव्हा एकेका रुग्णाला पत्र पाठवले : २०० युरो द्या, नाहीतर तुमच्या नोंदी जाहीर करतो. सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या होत्या. कंपनी बुडाली. २०२४ मध्ये चोराला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. पण जाहीर झालेली गोष्ट परत गुपित होत नाही.

हे फक्त परदेशात घडते असे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर कोणालाही वाचता येतील असे पडून असल्याचे उघडकीस आले. त्यांत एचआयव्ही तपासणीचे रिपोर्टही होते.

अशी दारे उघडी कशी राहतात? पहिले कारण, डेटाबेस चालवणारे सॉफ्टवेअर ब्राउझरमधून कुठूनही उघडता येईल असे ठेवले जाते आणि बसवताना दिलेला पासवर्ड कोणी बदलत नाही. दुसरे, जुन्या आवृत्तीतले दोष जाहीर होतात, दुरुस्तीही येते, पण ती घेतली जात नाही. चोरांचे प्रोग्राम रात्रंदिवस अशी यंत्रे शोधत फिरतात. तुमचे गाव लहान की मोठे, हे ते पाहत नाहीत. तिसरे, नाव लिहायच्या चौकटीत कोणी नावाऐवजी डेटाबेसला कळेल असा हुकूम लिहितो आणि कच्चे सॉफ्टवेअर तो पाळते. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ पासून हे जगाला माहीत आहे, उपायही माहीत आहे, तरी चूक होतेच. चौथे, रिपोर्टच्या लिंकमधला एक आकडा बदलला की शेजाऱ्याचा रिपोर्ट उघडतो. कारण पाहणारा कोण, हे सॉफ्टवेअर विचारतच नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही आणि नोंदी सुरक्षित ठेवणे संस्थेवर बंधनकारक आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात निष्काळजीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. लॅबमध्ये विचारा : रिपोर्टची लिंक उघडायला ओटीपी लागतो का? माझी नोंद कोण कोण पाहू शकते? रिपोर्टचा फोटो गटावर टाकू नका, दुसऱ्याचा तर मुळीच नाही. फॉर्मवर जात किंवा धर्म विचारला, तर तो कशासाठी हवा, हेही विचारा. कोणी रिपोर्टवरून धमकावले तर पैसे देऊ नका. मेसेज जपून ठेवा, पोलिसांकडे किंवा १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

शिबिरे घेणाऱ्या मंडळांना आणि छोट्या दवाखान्यांना सांगणे आहे, की डेटाबेस थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. पासवर्ड बदला, सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत करा. नावे एकीकडे आणि निकाल दुसरीकडे ठेवा. ज्या नोंदीचे काम संपले, ती पुसून टाका. जी नोंद ठेवलीच नाही, ती चोरीला जात नाही.

कागदावर लिहिलेल्या एका शब्दाने माणसाची किंमत ठरवली जाते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असेल? तथागतांनी आजारी, एकाकी पडलेल्या भिक्खूला स्वतःच्या हातांनी अंघोळ घातली होती. शुश्रूषेत रुग्णाची लाज राखणेही येते.

त्या प्रकारानंतरच्या शिबिराला निम्मीच माणसे आली. जी आली नाहीत, त्यांत वाहक असतील, आजारी बाळेही असतील. पुढच्या शिबिरात निकाल बंद पाकिटातून, ज्याचा त्याच्या हाती देणार आहोत. त्या आईला आम्ही हे सांगून आलो आहोत. ती म्हणाली, “बघू.” तिचा तो शब्द आम्हाला खरा करून दाखवायचा आहे.