ऑफिसचं सॉफ्टवेअर बदलायचं का?


कंपनीचा सगळा हिशोब ऑफिस 2016 वर आहे. त्याचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले. प्रोग्राम चालतोय, पण त्यात तुमचे खाते नंबर आहेत, म्हणून घोर लागतो.

नव्याला पैसे लागतात. लिबर ऑफिस फुकट, मराठीही चालतं. खरी अडचण वेगळीच: सभासद रजिस्टर जुन्या फॉन्टात आहे, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये घेतोय. मग नारायणगावच्या टोमॅटोच्या, मंचरच्या कांद्याच्या जुन्या पट्ट्या लिबरवर लावून बघू. बेरीज जुळली तर खर्च वाचला.

पासबुक घेऊन या, रजिस्टरातलं नाव ताडून जा. खाते नंबर व्हॉट्सअॅपवर टाकू नका.