सव्वा मिनिटाचे गणित, तीन वर्षांचे गणित

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, जायचे तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा द्यावी लागते. तिच्यातला गणिताचा पेपर अडीच तासांचा, 120 प्रश्नांचा आणि 300 गुणांचा असतो. उत्तर चुकले की त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापले जातात. एका प्रश्नाच्या वाट्याला सव्वा मिनिट येते. तेवढ्यात सूत्र आठवायचे, न बसणारे पर्याय गाळायचे, खूण करायची आणि पुढे सरकायचे. ही परीक्षा ज्या कामासाठी आहे त्यासाठी ते ठीकच आहे. घोटाळा होतो तो घरात. एनडीए, जेईई, सीईटी यांच्याच मापाने ठरते की अमक्याला गणित येते आणि तमकीला येत नाही, आणि त्याच मापाने बी.एस्सी. गणिताचाही निकाल लावला जातो. मूल हिशोबात चपळ असेल तर 'इंजिनिअरिंग सोडून हे कशाला?' आणि संथ असेल तर 'हे तुझे काम नाही'. दोन्ही सल्ले एकाच गैरसमजावर उभे आहेत: पदवीचे गणित म्हणजे बारावीच्याच गणिताचा आणखी अवघड, आणखी लांबलचक भाग. वस्तुस्थिती अशी की विषयाचे नाव तेवढे तेच राहते, काम बदलते.

काम बदलते म्हणजे काय, हे दाखवायला नाशिकजवळच्या देवळालीचे उदाहरण पुरेसे आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, 1929 मध्ये पदवीधर झाले आणि पुढे निवृत्तीपर्यंत देवळालीत शाळामास्तर राहिले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. 1949 मध्ये त्यांनी 6174 या संख्येचा गुणधर्म जाहीर केला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. 3524 घेतले तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. पुढे कितीही वेळा केले तरी 6174 हलत नाही, आणि सुरुवात कुठूनही केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचतो. इथवर पाचवीतले मूलही येते. पदवीचे गणित सुरू होते ते 'नेहमीच का?' या प्रश्नापासून. एकेक संख्या तपासायची तर अशा 8,991 संख्या आहेत. पण उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड मानले तर पहिल्या वजाबाकीचे उत्तर 999(अ − ड) + 90(ब − क) इतके येते. म्हणजे मूळ अंक कोणते होते याच्याशी पुढे कर्तव्यच उरत नाही. दोन फरक कळले की झाले. पहिला फरक शून्य नसतो आणि दुसरा पहिल्याहून मोठा नसतो, म्हणून अशा जोड्या होतात फक्त 54. जवळपास नऊ हजारांचे काम एका दुपारच्या कामावर आले. यात हिशोबाची चपळाई कुठेच लागली नाही. लागली ती नेमकी कोणती माहिती टाकून देता येईल हे ओळखण्याची सवय, आणि 'नेहमी' हा शब्द पुराव्याशिवाय न वापरण्याची शिस्त.

पदवीची वर्षे ही सवय लावण्यात जातात. पहिल्याच वर्षी सीमा म्हणजे काय, सलग फलन कशाला म्हणायचे, हे नव्याने आणि काटेकोर व्याख्येने शिकावे लागते. पुढे रेषीय बीजगणित, गटसिद्धांत, वास्तव विश्लेषण, संमिश्र विश्लेषण येते. बारावीला 95 गुण मिळवलेला विद्यार्थी इथे अडखळतो, कारण त्याने विकलजाची शेकडो उदाहरणे सोडवलेली असतात आणि विकलज अस्तित्वात नसेल तर काय, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो. उलट वेळेअभावी पेपर अर्धा सोडणाऱ्या मुलीला हा मुलूख मानवू शकतो. यावर एक आक्षेप रास्त आहे: आपल्या अनेक महाविद्यालयांत सिद्धताही पाठ करूनच लिहिल्या जातात, मग फरक उरला कुठे? हे खरे आहे, आणि ते लपवून या पदवीची शिफारस करणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. त्यावरचे उपाय वर्गाबाहेर शोधावे लागतात. तेव्हा मुंबई विद्यापीठात शिकवणाऱ्या प्रा. एस. कुमरेसन यांनी 1993 मध्ये एमटीटीएस ही उन्हाळी शिबिरे सुरू केली, ती नेमकी याच दुखण्यावर. तिथे विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभे राहून स्वतः युक्तिवाद करावा लागतो. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणितसंस्था उभी केली. घोकंपट्टी हा विषयाचा स्वभाव नाही. तो परीक्षेचा दोष आहे, आणि विद्यार्थ्याला तो काही अंशी चुकवता येतो.

'इंजिनिअरिंगमध्येही गणित असतेच की' हा दुसरा आक्षेप. असते, आणि चांगले असते. पण तिथे रीत शिकवतात, ती रीत कधी फसते हे क्वचितच शिकवतात. इथे कोणी नरेंद्र करमरकरांचे नाव पुढे करील. मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या करमरकरांनी 1984 मध्ये रेषीय नियोजनाची नवी पद्धत दिली आणि जगभर नाव मिळवले. नाव बरोबर आहे. मात्र मधल्या काळात ते बर्कलीला संगणकशास्त्रात पीएच.डी. करत होते, आणि त्यांची कीर्ती नुसत्या वेगवान पद्धतीची नाही. कितीही मोठ्या प्रश्नावर तिला किती पायऱ्या लागतील याची हमी त्यांनी सिद्ध करून दिली. दार कोणतेही असो, आत गेल्यावर सिद्धताच लागते. 'गणितातले सगळे शोधून झाले आहे' हा समज तर दोन ओळींत निकालात निघतो: ऑयलरने 1782 मध्ये मांडलेला लॅटिन चौरसांविषयीचा अंदाज नागपुरात शिकलेल्या शरच्चंद्र श्रीखंडे यांनी बोस आणि पार्कर यांच्यासह 1959 मध्ये खोटा ठरवला. पावणेदोनशे वर्षे थोरामोठ्यांना जे खरे वाटत होते, ते खरे नव्हते.

'पण याचा उपयोग काय?' असे खडकवासल्यात तरी कोणी विचारू नये. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, 1916 मध्ये सुरू झालेले, इथेच आहे. धरणे, नद्या, बंदरे यांची लहान प्रतिरूपे बांधून त्यांत पाणी सोडायचे, हे तिथले जुने काम. प्रतिरूप शंभरपट लहान केले तर त्यातला काळ दहापटच आक्रसतो आणि प्रवाह मात्र एक लाखपट. प्रत्यक्षातला दहा तासांचा पूर तिथे एका तासात उरकतो. ही प्रमाणे मोजमाप करून सापडत नाहीत, समीकरणांतून निघतात. आता जोडीला संगणकावरची गणिती प्रतिमाने आहेत. पाण्याची समीकरणे जाळीचे छोटे चौकोन पाडून टप्प्याटप्प्याने सोडवतात, आणि 1928 मध्ये कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी दाखवून दिले की अशा अनेक पद्धतींत काळाचा टप्पा चौकोनाच्या मानाने फार मोठा घेतला तर उत्तर उधळते. सॉफ्टवेअर तयार मिळते, हे मान्य. पडद्यावर उसळलेली लाट नदीची आहे की चुकीच्या टप्प्याची, हे सांगायला मात्र अभिसरण म्हणजे काय ते कळलेले माणूस लागते. पहिल्या वर्षीच्या त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या व्याख्या इथे कामाला येतात.

राहिला नोकरीचा प्रश्न. 'गणित केले की मास्तर' हा समज अर्धवट आहे. आणि शिक्षक व्हायलाही नुसती ही पदवी पुरत नाही, शाळेसाठी बी.एड. आणि पात्रता परीक्षा, महाविद्यालयासाठी एम.एस्सी. आणि सेट किंवा नेट लागते. दुसऱ्या टोकाला 'डेटा सायन्समुळे आता गणितवाल्यांची चांदी' हीही अतिशयोक्तीच. नुसत्या बी.एस्सी.वर थेट मोठा पगार क्वचित मिळतो. सोबत प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र पक्के केले, जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला गेले, विमागणिताच्या परीक्षा दिल्या, तर चित्र पालटते. गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण-तंत्रज्ञान संस्थेतही उपयोजित गणिताचा अभ्यास होतो. ज्या घराला तीन वर्षांनी लगेच पगार हवा आहे, त्याने हे आधी पाहून ठेवावे.

आणि मुलाचा कल पाहायचा असेल तर त्याला कापरेकरांची क्रिया सगळे अंक सारखे नसलेल्या तीन अंकी संख्यांवर करायला सांगावी. तिथे 495 येते, आणि उत्तर 99(अ − क) असल्यामुळे तपासायच्या शक्यता नऊच आहेत. मग तशाच दोन अंकी संख्या द्याव्यात. तिथे असा एकच मुक्काम मिळत नाही. 9 (म्हणजे 09), 81, 63, 27, 45 असे चक्र फिरत राहते. यातून सुटणारी एखादी संख्या आहे का, आणि नसेल तर का नाही, हे त्याने लिहून दाखवावे. घड्याळ लावू नये. उत्तर बरोबर येते का यापेक्षा, दुसऱ्या दिवशी तो कागद पुन्हा हातात घेतला जातो का, तेवढे पाहावे.