पक्षी मोजा, माणसंही मोजा

पहाटे ५.३० : दीपनगरला औष्णिक केंद्राच्या वसाहतीत रात्रपाळी अजून सुटायची आहे. दुर्बीण, तिपाई, टेलिस्कोप आणि नोंदवही गाडीवर बांधून वरणगावमार्गे हतनूर गाठायचं. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिच्या नोंदपत्रकात पक्ष्यांच्या आकड्यांबरोबर जलाशयावर माणसांचं काय चाललंय, हेही लिहावं लागतं.

६.४५ : तापी-पूर्णेच्या संगमाखाली ४१ दरवाज्यांचं धरण. मागचं पाणी थेट चांगदेवपर्यंत पसरलेलं. दोन्ही नद्यांनी आणलेल्या गाळाने जलाशय उथळ होतोय. पाटबंधारे खात्याची ती डोकेदुखी, पण शेकाट्या आणि तुतवारांना चिखलात चोच खुपसायला हीच जागा हवी असते. हतनूर महत्त्वाच्या पक्षी क्षेत्रांच्या यादीत आहे, ते उगाच नाही.

७.१५ : ऊन वर येऊन पाण्यावर तिरीप मारू लागलं की टेलिस्कोपातून रंग ओळखू येत नाहीत, म्हणून आताच घाई. वारकऱ्यांचा काळा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी शंभर पक्षी नीट मोजायचे, तेवढी जागा डोळ्यांत बसवायची आणि तशा किती जागा भरतात ते बघायचं. शेजारचा जोडीदार वेगळं मोजतो. आकड्यांत फार तफावत पडली तर पुन्हा पहिल्यापासून. तलवार बदकं, थापट्या, लालसरी, चक्रवाक यांची नोंद स्वतंत्र.

८.३० : पाणी उतरलं तिथे गाळपेरा. हरभरा, गहू, पुढे टरबुजाच्या वाड्या. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब याच पिकात चरतात. शेतकरी ओरडला की उठतात, थोडं पुढे जाऊन बसतात. पत्रकात ‘शेती’वर खूण करून भागत नाही. पेरा पाण्यापासून किती लांब, फवारणी दिसते का, हेही लिहायचं.

१०.०० : भोईदादांची होडी जाळं उचलत बदकांच्या अगदी जवळून जाते. बदकं मान वर करतात, उडत नाहीत. रोजची होडी, रोजची वाट. तेवढ्यात मोबाइल उंचावून दोन पोरं पाण्याकडे पळत येतात आणि अख्खा थवा हवेत. लांबच्या परतीसाठी साठवलेली चरबी अशी दर उड्डाणाला खर्च होते. म्हणून थवा कशाने उठला आणि किती वेळाने परत बसला, ते घड्याळ बघून लिहायचं. गर्दी किती, यापेक्षा ही नोंद जास्त बोलते.

दुपारी १२.३० : बांधावर भरीत आणि कळण्याची भाकरी. “भाऊ, तुमची पाखरं आमचे मासे खाऊन राहिली, तेबी लिवा,” भोईदादा म्हणतात. लिहिलं.

२.३० : काठाने पायी फेरी. फाटक्या नायलॉन जाळ्याचा तुकडा बाभळीच्या मुळाला अडकलाय. त्यात एक वाळलेला पाणकावळा, पायाला तीन वेढे. शेजारी थर्माकोल, पत्रावळी, निर्माल्याच्या पिशव्या. जाळ्याचे तुकडे गोळा करतो. कचऱ्याचा प्रकार आणि जागा लिहितो.

४.३० : दुसरी मोजणी. सकाळी गाळपेऱ्यातले पक्षी संध्याकाळी पाण्यावर येतात. दोन्ही आकड्यांची बेरीज करायची नाही; तेच पक्षी दोनदा धरले जातील.

संध्याकाळी ७.३० : दीपनगरला पत्रक भरायला बसतो. पाण्याचा वापर : सिंचन, पिणं, मासेमारी, उद्योग. शेवटच्या रकान्यात आमचं औष्णिक केंद्र येतं. ५०० मेगावॉटच्या संचांना पाणी हतनूरचंच. भोईदादांच्या होडीवर खूण केली, तशी इथेही करायची.

पुढचं काम मार्चचं. नदी सुरय उघड्या पडलेल्या बेटांवर वाळूत अंडी घालतात. पाणी आणखी उतरून बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री आणि गुरं तिथवर पोचतात. कोणती बेटं जोडली जातील, ते भोईदादांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. विणीचे तेवढे दोन महिने गुरं कुठून न्यायची, हे त्यांच्याशी आणि गुराख्यांशी बसून फेब्रुवारीतच ठरवायला हवं.