दोनशे बारची हवा, दहा मीटरचा नेम

२५ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलच्या सांघिक प्रकारात भारताने १८९३.७ गुणांचा विश्वविक्रम केला. त्या त्रिकुटात राजस्थानचा दिव्यांश सिंह पनवार होता, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील होता आणि आमच्या बाजूच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरही होता. उज्जैनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला याहून मोठा आनंद कुठला? तिघांच्याही हातात होती आधी भरून ठेवलेल्या हवेवर चालणारी रायफल. नेमबाज तिला ‘पीसीपी’ म्हणतात.

कल्पना फार जुनी आहे. महादजी शिंद्यांनी द ब्वान्य या युरोपीय सेनानीला नोकरीत घेऊन ठासणीच्या बंदुकांच्या पलटणी उभ्या केल्या, तेव्हा उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. त्याच सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवेवर चालणारी रायफल दाखल झालेली होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. धूर नाही, दारू भिजण्याची भीती नाही. पण टाकी भरायला पंपाचे हजाराहून जास्त दट्टे मारावे लागत. सैन्याला ते परवडले नाही आणि ही युक्ती मागे पडली.

खेळात ती परतली ते विसाव्या शतकाच्या शेवटी. त्याआधीच्या रायफलींत जोरकस स्प्रिंग असे. चाप ओढला की जड दट्ट्या धाडकन पुढे जाई आणि छर्रा नळीत असतानाच रायफल हलू लागे. मग कार्बन डायऑक्साइडच्या रायफली आल्या, पण त्या वायूचा दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. माळव्यातल्या मे महिन्यात अशा रायफलीवर भिस्त ठेवणे कठीण. पीसीपीने दोन्ही अडचणी दूर केल्या. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची कोरडी हवा असते. रेग्युलेटर तो दाब उतरवून प्रत्येक गोळीसाठी सारखा ठेवतो आणि चाप ओढताच झडप क्षणभर उघडते. ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो, आणि धक्का जवळजवळ जाणवतच नाही. समोर दहाच्या वर्तुळाचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा.

अशी रायफल घरी बनवावी, असे हौशी कारागिरांना वाटते. लेथवर हात बसलेल्या माणसाची ही ओढ मला कळते. तरी माझे मत ठाम आहे: सिलिंडर, झडप आणि नळी यांना घरी हात लावू नये. मोटारीच्या टायरात दोन-अडीच बार हवा असते. इथे तिच्या ऐंशी-शंभरपट दाब गालापासून वीतभर अंतरावर कोंडलेला असतो. त्या हवेच्या संपर्कात तेलाचा थेंब आला तर तो पेट घेऊ शकतो. शिवाय परवान्याशिवाय शस्त्र बनवणे १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१६च्या नियमांनुसार २० जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या एअर रायफलीला परवाना लागतो. स्पर्धेच्या रायफलीची ऊर्जा याच्या निम्मीही नसते.

घरी घडवावा तो दस्ता. रायफल खरी माणसाची होते ती इथे. उभ्याने नेम धरताना डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते आणि वजन स्नायूंवर न पडता हाडांवरून जमिनीत उतरते. चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, इतक्याच उंचीवर हवा की गाल टेकला की डोळा आपोआप मागच्या दर्शकाच्या भोकामागे यावा. मान वाकवावी लागली तर पन्नासाव्या गोळीपर्यंत ती भरून येते. दस्त्याच्या टोकाच्या बटप्लेटचा बाक खांद्याच्या खोबणीत बसला पाहिजे. मूठ तळव्याच्या मापाने तासायची: थोडे लाकूड काढायचे, आठवडाभर धरून बघायचे, मग पुन्हा तासायचे. तोल पुढे की मागे, हे छोट्या वजनांनी ठरते. दर्शकांसह एकूण वजन मात्र ५.५ किलोच्या आत. कसोटी साधी आहे. नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. नेम सरकला असेल तर रायफल हाताने ओढायची नाही, पाय हलवायचे. तरीही जमले नाही तर दस्त्याचे माप बदलायचे. वाढत्या वयाच्या मुलांचे माप वर्षभरही टिकत नाही, म्हणून प्रत्येक आकडा मिलिमीटरमध्ये वहीत टिपून ठेवावा लागतो.

माप जमले की उरतो तो सराव. ऑलिंपिकमध्ये सिडनी २००० ला अंजली भागवत आणि अथेन्स २००४ ला सुमा शिरूर दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. सुमाताईंनी २००४ मध्येच क्वालालंपूरला आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण घेतले होते. बीजिंगच्या सुवर्णविजेत्या अभिनव बिंद्राने तर घरीच रेंज बांधून घेतली होती. दहा मीटर म्हणजे जुन्या वाड्याच्या लांब पडवीएवढे अंतर. छर्रा न घालता, नुसता चाप ओढण्याचा सराव तर भिंतीसमोर एका खोलीतही होतो.

वापरलेली रायफल घेणाऱ्याने आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. स्पर्धेच्या रायफलींचे नामांकित उत्पादक सिलिंडरची मुदत बनवल्यापासून दहा वर्षे धरतात, आणि मुदत टळलेला सिलिंडर नसावा ही जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी नेमबाजावरच टाकली आहे. दस्ता हवा तेवढा तासा. ही तारीख उलटली की सिलिंडर नवाच घ्या.