धरणाकाठी बंगला आहे म्हणून गावात मत मिळतं का? मतदार यादी, टॅक्स आणि कचऱ्याचा हिशोब समजून घ्या

ग्रामीण वार्ताहर : ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की धरणाकाठच्या गावांत एक प्रश्न हमखास निघतो. शनिवार-रविवारी येणाऱ्या बंगलेवाल्यांना गावात मत आहे का? पारावर कुणी म्हणतं, "टॅक्स भरतात म्हटल्यावर असणारच." कुणी म्हणतं, "बाहेरच्यांना कसलं आलंय मत?" दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

पवना, मुळशी, पानशेत, वरसगाव, कुठंही जा. पाणी दिसतं तिथं फार्महाऊस, बंगले आणि टेंट झालेत. मालक बहुतेक पुण्या-मुंबईचे. आपल्या ग्रामपंचायती लहान. सात ते सतरा सदस्य, एका वॉर्डात दोन-तीन जागा आणि मतं काही शे. निकाल पाच-दहा मतांवर फिरतो. समान मतं पडली तर चिठ्ठी टाकतात. अशा ठिकाणी यादीत दहा नावं जास्त आली किंवा कमी झाली, तरी सत्ता बदलते. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला पाहिजे.

कायदा काय सांगतो

ग्रामपंचायतीची मतदार यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेच्या यादीतलीच नावं वॉर्डाप्रमाणे वेगळी काढतात. आणि विधानसभेच्या यादीत नाव कुठं लागायचं, ते १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दिलंय. माणूस जिथं 'सर्वसाधारण रहिवासी' आहे, तिथं त्याचं नाव.

याच कायद्याच्या कलम २० मध्ये सरळ म्हटलंय, की एखाद्या ठिकाणी घर मालकीचं किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे सातबारा, नमुना ८ चा उतारा, टॅक्सची पावती, लाईट बिल हे सगळं असलं, पण माणूस राहतो पुण्यात, तर त्याचं मत पुण्यात. कलम १७ प्रमाणे दोन ठिकाणी नाव ठेवताही येत नाही. अर्जात खोटी माहिती दिली तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण रिटायर होऊन कायमचा बंगल्यावर राहायला आलेला माणूस गावचाच मतदार. त्यानं फॉर्म ८ भरून शहरातलं नाव इकडं आणलं, तर त्याला कुणी 'बाहेरचा' म्हणून अडवू शकत नाही. बंगल्यावर वर्षानुवर्षं कुटुंब घेऊन राहणारा राखणदार, मग तो मराठवाड्यातला असो की बिहारचा, तोही हक्काचा मतदार. अट एवढीच, की तो भारताचा नागरिक पाहिजे. राखणदार नेपाळचा नागरिक असेल तर त्याला मत नाही.

आता जरा आपल्याकडंही बघू. गावातली किती पोरं कामाला पिंपरी-चिंचवडला, मुंबईला आहेत? मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या करून कोण आणतं, हे सगळ्यांना माहीत आहे. कायदा म्हणतो, तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास जात नाही. पण बायको-पोरांसह दहा वर्षं शहरात राहतो, तिथंच रेशनकार्ड, तिथंच मुलांची शाळा, तिथंही यादीत नाव, हे मात्र तात्पुरतं नाही. बंगलेवाल्याला लावतो तीच फूटपट्टी आपल्या माणसालाही लागते.

कॅनडात उलटा कायदा

सगळीकडं असंच आहे असं नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात तळ्याकाठच्या घरांना कॉटेज म्हणतात. तिथल्या १९९६ च्या कायद्यानं त्या नगरपालिकेत घर-जमीन असलेल्या किंवा भाड्यानं घेतलेल्या १८ वर्षांवरच्या कॅनडाच्या नागरिकाला, आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही, तिथं मत आहे. माणूस टोरांटोला राहत असला तरी. मस्कोका भागात सुट्टीपुरते येणारे लोक खूप. त्यामुळं उमेदवारांना त्यांच्याकडंही मतं मागावी लागतात. विषय पण आपलेच : टॅक्स, रस्ता, सांडपाणी, तळ्याचं पाणी, भाड्यानं दिलेल्या घरातला धिंगाणा. तिथं कायमच्या रहिवाशाची तक्रार असते, की सुट्टीवाले आमचं गाव चालवतात. आपल्याकडं मत राहणाऱ्याचं. त्यामुळं तक्रार बंगलेवाल्याची, की टॅक्स भरतो पण विचारतं कोण?

कचरा कुणाच्या पैशानं उचलायचा

बंगलेवाल्यांचंही काही म्हणणं आहे. रस्त्याला खड्डे, दिवाबत्ती नाही, कचरागाडी येत नाही, शेजारच्या कॅम्पवर रात्रभर डीजे. गावाचं म्हणणं, बंगल्याचं सांडपाणी ओढ्यानं धरणात आणि विहिरीत येतं, सोमवारी सकाळी बाटल्या आणि पत्रावळ्या आम्ही बघायच्या, गुरांची पाण्यावर जायची वाट कुंपणात गेली.

याचं मूळ पैशात आहे. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीला मुख्यतः लोकसंख्येवर येतो. बंगलेवाल्याची जनगणना होते शहरात. म्हणजे त्याच्यासाठी गावाला निधी येत नाही, पण त्याचा कचरा गावात पडतो. तो भागवायचा तर गावाचा हक्काचा पैसा एकच, घरपट्टी-पाणीपट्टीचा स्वनिधी. २०१५ च्या सुधारित नियमांनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. मोठा आरसीसी बंगला आणि कौलारू घर यांची पट्टी सारखी नसते, भाड्यानं चालणाऱ्या घराची वेगळी. पण बंगल्याची नोंदच नमुना ८ ला जुन्या पडवीएवढी असेल, तर टॅक्सही तेवढाच येणार. मग गाडी कशी फिरणार?

इथं एक गैरसमज काढला पाहिजे. ग्रामपंचायतीनं नोंद घेऊन टॅक्स घेतला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असं होत नाही. मावळ-मुळशीसारख्या भागात बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची. धरणाच्या संपादित हद्दीतली जागा, जिथं आपण गाळपेर करतो, ती सरकारी धरणांवर जलसंपदा विभागाची. तिथं कुणी भराव टाकला, भिंत घातली, तर तक्रार त्या विभागाकडं करायची. सरपंच ती जागा कुणाला देऊ शकत नाही. तसं आश्वासन कुणी प्रचारात दिलं तर ते खोटं समजा.

वहिवाटीची वाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दावा करता येतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपण "बघू, पाहुणे माणूस आहे" म्हणत वर्ष काढतो आणि मग हात चोळत बसतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकरला बंदी आहे. त्यासाठी ११२ नंबर बंगलेवाल्यालाही चालतो, गावकऱ्यालाही.

यादीवर हरकत कधी घ्यायची

ही चूक मी स्वतः केलीय. मागच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डाची प्रारूप यादी लागली. एका बंगल्याच्या नंबरावर अशी नावं दिसली, की ती माणसं गावात कुणी पाहिलेली नाहीत. अर्ज लिहून हरकत द्यायला गेलो. तेव्हा कळलं, या टप्प्यावर फक्त वॉर्ड चुकला, विधानसभा यादीतलं नाव इथं सुटलं, लिहिण्यात चूक झाली, एवढ्याच हरकती चालतात. मूळ नाव काढायचं किंवा नवं घालायचं, ते विधानसभेच्या यादीत, आणि तेही आधी. शेतात पेरा होऊन गेल्यावर बियाणं बदलायला निघाल्यासारखं झालं.

म्हणून निवडणूक लागायची वाट न बघता ही कामं करून ठेवा :

- आपल्या भागाची विधानसभा यादी आत्ताच बघा. बीएलओकडं किंवा मोबाईलवर नाव तपासता येतं. चौकशीसाठी १९५० नंबर आहे.
- नवं नाव घालायला फॉर्म ६, नावावर हरकत घ्यायला फॉर्म ७, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला फॉर्म ८.
- पोरगा-पोरगी अठराची झाली का बघा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात.
- फॉर्म ७ भरला की नाव लगेच उडत नाही. चौकशी होते, समोरच्याला बाजू मांडायला मिळते. भावकीचा राग काढायला खोटी हरकत घेतली, तर घेणाराच अडचणीत येतो.
- नमुना ८ ची नोंद आणि टॅक्स आकारणीची यादी ग्रामपंचायतीत मागून बघा. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. हा विषय तिथं लेखी द्या आणि ठरावात आला का ते बघा.

बंगलेवाल्यांसाठी पण दोन शब्द. मत नाही म्हणजे गावात काहीच स्थान नाही, असं नाही. टॅक्सची पावती घेऊन ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो. बंगल्याची खरी मापं नोंदवा, टाकीचं पाणी ओढ्यात सोडू नका, मग कचरागाडी मागायला या. गाव नाही म्हणणार नाही.

आणि उमेदवार दारात आला, तर आपण पण एवढं विचारू : बंगल्यांची पट्टी किती बसते, वसूल किती होते, आणि त्यातून कचऱ्याला किती लागतात? हा हिशोब ज्याला तोंडपाठ आहे, तो गाव सांभाळेल. बाकी जेवणावळी काय, दर पाच वर्षांनी होतातच.