माडीवरचा शनिवार

सांगलीच्या आमच्या जुन्या वाड्यांत शनिवारीं रात्रीं जेवणें उरकलीं, कीं माडीवरील खोलीच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या जातात. पंखा बंद होतो. खालच्या मंडळींस ताकीद मिळते कीं, पुढील दीड तास कोणीं जिन्यावर पाय वाजवूं नयेत, मिक्सर लावूं नये, आणि देवघरांतील घंटा तर मुळींच वाजवूं नये. २०२१ च्या पावसाळ्यापासून हा क्रम चालू आहे. घंटेच्या मनाईवरून प्रारंभीं आमच्या वहिनींनीं एक दिवस अबोला धरून पाहिला. पुढें शेजारतीची वेळच अर्ध्या तासानें अलीकडे आली, आणि देवानें तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं.

खोलींत दोघे असतात. एक आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा, दुसरा त्याचा शाळेपासूनचा मित्र. व्हिडिओ गेम या विषयावर हे दोघे दर आठवड्यास एक मराठी कार्यक्रम तयार करून यूट्यूबवर प्रसिद्ध करितात. पुतण्या खेळतो, मित्र शेजारीं बसून बोलतो. मधूनमधून पुतण्याही बोलतो. पडद्यावर खेळ दिसतो आणि कोपऱ्यांतील लहानशा चौकटींत या दोघांचीं तोंडें दिसतात. हें जेव्हां प्रथम आमच्या कानीं आलें, तेव्हां आमचें मत फारसें अनुकूल नव्हतें. आम्हीं पुतण्यास विचारलें, "अरे, दुसऱ्यानें लाडू खाल्लेला पाहून आपलें पोट भरतें काय?" तो म्हणाला, "तात्या, तुम्ही क्रिकेटचा सामना पाहतां, तेव्हां बॅट कोणाच्या हातांत असते?" यावर आम्हीं चष्मा पुसण्याचें काम काढलें.

या उद्योगांत श्रम किती आहेत, याची कल्पना बाहेरच्यास येत नाहीं. दीड तास ध्वनिमुद्रण व चित्रमुद्रण करावें, तेव्हां त्यांतून पंधरा मिनिटांचा भाग निघतो. दोघांचे माईक निराळे, आणि त्यांचे आवाजही संगणकांत निराळ्या पट्ट्यांवर उतरतात. कारण एकजण खोकला, तर दुसऱ्याचें वाक्य फुकट जाऊं नये. आरंभीं एकजण जोरानें एक टाळी वाजवितो. मागाहून सर्व पट्ट्यांवर त्या टाळीचें टोक एका रेषेंत आणलें, कीं ओठ आणि शब्द जुळतात. पडद्यावरील खेळ टिपून घेणारें ओबीएस नांवाचें साधन फुकट मिळतें; पण कापाकापी कांहीं फुकट होत नाहीं. ती रविवारपासून मंगळवारपर्यंत चालते आणि बुधवारीं सायंकाळीं भाग प्रसिद्ध होतो. कित्येक खेळांतील संगीतावर दुसऱ्यांचा हक्क असतो. यूट्यूबचें यंत्र तो सूर ओळखतें आणि हक्कदारानें तसें ठरविलें असल्यास त्या भागाचें उत्पन्न परस्पर त्याच्याकडे वळतें. एका सुंदर सारंगीपायीं यांचा एक अख्खा भाग असा परक्याच्या पदरांत पडला, तेव्हांपासून हे दोघे चांगलें संगीत ऐकूं आलें कीं आधीं घाबरतात.

आमच्याकडे भाषेचें काम आलें. 'लेव्हल' या शब्दास आम्हीं 'सोपान' सुचविला. मित्र म्हणाला, "तात्या, तिसऱ्या सोपानावर राक्षस भेटतो म्हटलें, तर लोकांस ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू आठवतील." लेव्हल राहिली. 'चेकपॉइंट' मात्र आमच्या सूचनेप्रमाणें 'मुक्काम' झाला. अखेरीस भेटणाऱ्या बलाढ्य शत्रूस 'थोरला राक्षस' हें नांव आमच्या वहिनींनीं दिलें, आणि आमच्या सर्व संस्कृत शब्दांपेक्षां तेंच प्रेक्षकांस अधिक आवडलें, हें येथें नमूद करणें प्राप्त आहे.

घरांतील बायकामंडळी प्रथम पडद्यासमोर बसली ती 'राजी' या खेळाच्या भागास. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनीं केलेला हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध झाला. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी पोर. तिच्या धाकट्या भावास, गोलूस, महाबलासुराचे राक्षस पळवून नेतात, आणि ती त्रिशूळ घेऊन त्याच्या शोधार्थ निघते. गंमत अशी कीं, ही कथा दुर्गा आणि विष्णु वरून पाहत असतात आणि आपसांत बोलतात. एकास मुलीचा भरंवसा, दुसऱ्यास शंका. आम्हीं तो भाग पाहिला आणि मनांत म्हटलें, हें तर आमच्या माडीवरचेंच चित्र!

कारण या कार्यक्रमाचा प्राण खेळांत नसून त्या दोन आवाजांत आहे. आमच्या संस्कृत नाटकांत सूत्रधार एकटा येऊन फार वेळ बोलत नाहीं, नटीस हांक मारतो. कीर्तनांत बुवांच्या मागें झील धरणारा नसेल तर रंग भरत नाहीं. पुतण्यास खेळांची माहिती दांडगी. कोणता खेळ कोणीं, केव्हां, कशावरून बेतला, हें सर्व त्याच्या जिभेवर. पण तो बोलूं लागला कीं आमच्या वर्गांतील भूगोलाच्या तासाची आठवण होते. (तो तास आम्हींच घेत असूं.) मित्रास तितकें ठाऊक नसतें, आणि तो तें लपवीतही नाहीं, तो मधेंच भाबडा प्रश्न टाकतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनांतलें हसूं त्याच्या तोंडून फुटतें.

अमेरिकेंत 'गेम ग्रंप्स' नांवाचा अशाच धर्तीचा कार्यक्रम आरिन हॅन्सन आणि जॉन जाफरी या दोन मित्रांनीं २०१२ च्या जुलैंत सुरू केला. वर्षाच्या आंतच जाफरी आपल्या स्वतंत्र कामासाठीं बाहेर पडले व त्यांच्या जागीं डॅन अविडान आले. कार्यक्रम तोच, खेळ तेच. तरी पुष्कळ प्रेक्षकांस तें कित्येक दिवस मानवलें नाहीं. पुतण्यानें ही हकीकत आम्हांस सांगितली, तेव्हां ती एक दिवस आपल्याच घरीं घडेल असें त्यास वाटलें नसावें.

निमित्त पैशाचें झालें. एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलें जाणें, ही अट पुरी होईतों यूट्यूब जाहिरातींच्या उत्पन्नाचा वाटा देत नाहीं. यांस ती पुरी करण्यास दोन वर्षें लागलीं. त्यानंतर शेंकडा ५५ चा वाटा मिळूं लागला खरा. पण मराठींतील लहान कार्यक्रमाच्या उत्पन्नाचे शेंकडा ५५ म्हणजे विजेचें बिल भागावें इतकेंच. अशांत २०२४ च्या श्रावणांत एका कंपनीचें पत्र आलें. पैसे लावून खेळावयाच्या एका खेळाची प्रत्येक भागांत मिनिटभर स्तुति करावी. तीन महिन्यांस मिळणारी रक्कम यांच्या तीन वर्षांच्या कमाईहून अधिक होती.

पुतण्या नको म्हणाला. मित्र घेऊं म्हणाला. आवाज जिन्यापर्यंत आला, आणि आम्ही, कोणीं बोलाविलें नसतां, वर गेलों. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्त, त्यांतील जुगाऱ्याचा विलाप, हस्तिनापुरची द्यूतसभा, असें सर्व कांहीं आम्हीं त्यांस ऐकविलें. मित्रानें शेवटपर्यंत मान खालीं घालून ऐकलें. मग म्हणाला, "तात्या, तुमचें सगळें खरें आहे. पण आमच्या घरीं तीन महिने बाबांचा पगार झालेला नाहीं." तो जिना उतरून गेला. बारा माणसांच्या घरांत, जेथें दोन पेन्शनें येतात आणि भाताचें पातेलें कोणाच्या एकट्याच्या जिवावर चढत नाहीं, तेथें बसून द्यूतनिषेध करणें किती सोपें आहे, हें आम्हांस त्या क्षणीं कळलें. त्या पोराच्या तोंडाकडे आम्हीं आधीं नीट पाहावयास हवें होतें.

सहा शनिवार तो आला नाहीं. पुतण्यानें दोन भाग एकट्यानें केले. माहिती बिनचूक होती, आणि कोणीं ते शेवटपर्यंत पाहिले नाहींत. तिसऱ्या शनिवारीं त्या रिकाम्या खुर्चीवर आम्ही बसलों. एका तासांत आम्हीं पुतण्याचें व्याकरण अकरा वेळां सुधारलें आणि राक्षस समोर आला असतां त्याच्या किरीटावर टिप्पणी केली. तो भाग प्रसिद्ध झाला नाहीं. झाला नाहीं तेंच बरें.

शेवटीं पुतण्या त्याच्या घरीं गेला. चॅनेलचें सर्व उत्पन्न वर्षभर तूं घे, असें यानें म्हटलें. मित्रानें साफ नाकारलें. त्यास उपकार नको होते. मग हिशेब निराळा मांडला. कापाकापीचें काम मित्रानें करावयाचें आणि त्याची मजुरी तासावर घ्यावयाची. उरेल तें अर्धें अर्धें. उरत कांहींच नसे, हें दोघांसही ठाऊक होतें. तें हातकाम पाहून गांवांतील लग्नांच्या चित्रफिती जुळविण्याचें काम त्याच्याकडे येऊं लागलें, आणि दिवाळीपर्यंत त्याचें घर कसेंबसें सांवरलें. कंपनीस नकाराचें पत्र दोघांच्या सहीनें गेलें. त्यांतील एक स्वल्पविराम आमचा आहे.

पुढील वर्षीं, २२ ऑगस्ट २०२५ रोजीं, ऑनलाइन खेळांविषयींच्या नव्या केंद्रीय कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळावयाचे खेळ त्यानें बंद ठरविले, आणि त्यांची जाहिरात करणारासही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. स्पर्धेच्या खेळांस, म्हणजे ई-स्पोर्ट्सना, मात्र त्यांत मान्यता आहे. तेव्हां सर्वच खेळ निषिद्ध झाले असें आमच्या शेजाऱ्यांप्रमाणें कोणीं समजूं नये. मित्रानें तें वर्तमानपत्र आमच्यापुढें आणून ठेविलें. आम्हांस वाटलें, आतां हा अक्षसूक्ताविषयीं कांहीं म्हणेल. तो एवढेंच म्हणाला, "बाबांस मीं हें दाखवलें. ते बराच वेळ वाचत होते."

गेल्या शनिवारीं आम्ही माडीवर पाणी ठेवावयास गेलों होतों. दाराच्या फटींतून मित्रानें विचारलें, "तात्या, खेळ 'सेव्ह' करणें, याला काय म्हणावें?" आम्हीं क्षणभर विचार करून 'जतन' हा शब्द दिला. "जतन," असें तो दोनदां पुटपुटला आणि पुतण्याकडे पाहून हसला. कडी लागली, आंतून टाळी वाजली, आणि आम्ही काठी न टेकतां जिना उतरूं लागलों.